मूत्रपिंडाच्या गाठीत राखणदार असतात, मग ते लढत का नाहीत?

वस्तीत कुणाच्या पोटात गाठ निघाली की दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची रीघ लागते. कुणी गुळवेलीचा रस आणतो, कुणी 'इम्युनिटी' वाढवणारी पावडर आणतो, कुणी लांबच्या गावातल्या वैदूचा पत्ता देतो. येणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. सगळ्यांचा विचारही एकच असतो. अंगातली ताकद कमी पडली म्हणून गाठ झाली, ताकद वाढवली की गाठ विरघळेल.

हा विचार खरा आहे का, हे आपण तपासून बघितले पाहिजे. केसपुत्त नगरीतल्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, दहा जण म्हणतात म्हणून किंवा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. मूत्रपिंडाच्या म्हणजे किडनीच्या कॅन्सरबाबत शास्त्रज्ञांनी नेमकी हीच पारख केली. गाठ काढून तिच्या आत काय आहे ते पेशी-पेशीने मोजले. त्यातून जे दिसले ते वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत असावे असे आम्हाला वाटते, कारण चुकीच्या समजुतीपायी पैसा जातोच आणि त्याहून मोलाचा वेळही जातो.

गाठीच्या आत कोण कोण राहते?

आपल्याला वाटते की कॅन्सरची गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशींचा गोळा. तसे नसते. गाठीत रक्तवाहिन्या असतात, पेशींना आधार देणारे तंतू असतात, आणि आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशीही असतात. गाठीभोवतीचा हा सगळा परिसर डॉक्टर फार महत्त्वाचा मानतात. गाठ वाढणार की आटोक्यात राहणार, औषध लागू पडणार की नाही, हे बरेचसे या परिसरावर ठरते. कुठलीही गोष्ट एकटी उभी राहत नाही, कारणे आणि परिस्थिती जुळून येतात तेव्हाच ती घडते, हे धम्म आपल्याला शिकवतो. गाठीलाही तोच नियम लागू आहे.

संरक्षक पेशी अनेक प्रकारच्या असतात. त्यातल्या तीन ओळखून ठेवू.

पहिल्या टी पेशी. त्यातल्या काही थेट मारेकरी असतात. विषाणू शिरलेली किंवा कॅन्सर झालेली पेशी ओळखून त्या तिला चिकटतात आणि नष्ट करतात.

दुसऱ्या भक्षक पेशी. या जंतू गिळतात, मेलेल्या पेशींचा कचरा साफ करतात, जखम भरून काढायला मदत करतात. शरीरातल्या सफाई कामगारच म्हणा. सफाई कामगाराविना शहर चालत नाही हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या नियामक टी पेशी. यांचे काम लढाई थांबवणे. ताप उतरला, जखम भरली की संरक्षक पेशींनी शांत व्हायला हवे, नाहीतर त्या आपल्याच अवयवांवर उलटतात. तो लगाम या पेशींच्या हाती असतो.

किडनीची गाठ इतकी लाल का?

प्रौढांमध्ये किडनीचा जो कॅन्सर सर्वात जास्त दिसतो त्याला क्लिअर सेल प्रकार म्हणतात. दहातल्या सुमारे सात रुग्णांत हाच प्रकार असतो. त्याच्या पेशी चरबी आणि साखरेच्या साठ्याने भरलेल्या असतात. तपासणीसाठी काच तयार करताना हा साठा विरघळून जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. म्हणून हे नाव.

या प्रकारात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचे एक जनुक बिघडलेले असते. ऑक्सिजन पुरेसा असताना 'ऑक्सिजन कमी आहे' अशी ओरड करणारी प्रथिने मोडीत काढणे हे या जनुकाचे काम. जनुक बिघडले की ती प्रथिने साचत जातात. मग हवा भरपूर असूनही पेशी सतत ओरडत राहतात, 'रक्त पाठवा, नव्या वाहिन्या बांधा.' शरीर ती हाक खरी मानते आणि गाठीभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे विणते. म्हणून ही गाठ रक्ताने भरलेली असते आणि म्हणूनच काही रुग्णांच्या लघवीतून रक्त जाते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लाखो पेशींची मोजदाद

२०१७ साली स्वित्झर्लंडमधील झ्युरिचच्या शास्त्रज्ञांनी या प्रकारच्या ७३ रुग्णांच्या गाठी घेतल्या आणि तुलनेसाठी ५ निरोगी नमुने घेतले. एकूण सुमारे ३५ लाख पेशी एकेक करून तपासल्या. त्यांना संरक्षक पेशींची उणीव दिसली नाही. उलट गाठीत त्यांची गर्दी होती. भक्षक पेशींचे १७ आणि टी पेशींचे २२ वेगवेगळे प्रकार त्यांनी नोंदवले.

म्हणजे राखणदार आले नाहीत असे मुळीच नाही. ते आले आहेत, मोठ्या संख्येने आले आहेत. तरी गाठ वाढते आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना बरीच वर्षे कोड्यात टाकत होती. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारख्या बऱ्याच कॅन्सरांत गाठीमध्ये मारेकरी टी पेशी जितक्या जास्त, तितका रुग्ण जास्त जगतो. किडनीच्या या कॅन्सरात अनेक अभ्यासांत उलटे दिसले. टी पेशी जास्त असलेल्या रुग्णांची प्रकृती पुढे जास्त बिघडली. राखणदार वाढले तर चोरी कमी व्हायला हवी, इथे वाढताना दिसते. असे का व्हावे?

थकलेला राखणदार

याचे उत्तर टी पेशींच्या अवस्थेत आहे. सलग डबल पाळी करणारा वॉचमन डोळे उघडे ठेवून उभा असतो, पण समोरून कोण गेले ते त्याला कळत नाही. आपल्या वस्तीतले कितीतरी बंधू अशी नोकरी करतात. टी पेशींचेही तसेच होते. तोच शत्रू महिनोन्महिने समोर राहिला, विश्रांती मिळाली नाही, तर त्या थकतात. शास्त्रज्ञही त्यांना 'थकलेल्या पेशी' असेच म्हणतात. त्या जिवंत असतात, जागेवर असतात, पण त्यांची मारण्याची ताकद गेलेली असते.

थकलेल्या पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाची खूण जास्त दिसते. ही खूण म्हणजे ब्रेक आहे. आपल्याच अवयवांना इजा होऊ नये म्हणून शरीराने तो बसवलेला असतो. गाठीतल्या कॅन्सरच्या पेशी आणि काही भक्षक पेशी स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन धरतात आणि ते नेमके या ब्रेकवर दाबतात. टी पेशी गाठीला भिडते आणि तिथेच थांबते.

भक्षक पेशींचेही गाठीत मतपरिवर्तन होते. जखम भरताना नव्या वाहिन्या वाढवणे आणि लढाई शांत करणे हे त्यांचे एक नेहमीचे काम. गाठ त्यांच्याकडून तेच काम करून घेते. २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी किडनीच्या कॅन्सरच्या वेगवेगळ्या टप्प्यांतल्या गाठींमधील एकेक पेशी तपासली. आजार पुढे सरकतो तशा थकलेल्या टी पेशी वाढतात, त्यांच्यासोबत लढाई दाबून टाकणाऱ्या भक्षक पेशीही वाढतात, आणि दोघी एकमेकींना त्याच स्थितीत धरून ठेवतात, असे त्यांना दिसले. त्यामुळेच या कॅन्सरात टी पेशींची गर्दी ही बरे होण्याची खूण ठरत नाही.

आता सुरुवातीच्या समजुतीकडे बघा. अंगातली ताकद कमी आहे म्हणून ती वाढवा, असे म्हणणारा माणूस थकलेल्या वॉचमनच्या शेजारी आणखी दहा थकलेले वॉचमन उभे करायला सांगतो आहे. पावडर आणि रस हा ब्रेक सोडवू शकत नाहीत.

गुळवेल नैसर्गिक आहे, तिने काय होणार, असेही आम्ही नेहमी ऐकतो. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, कॅन्सरचा रुग्ण कुठलाही काढा घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. यकृत बिघडले तर खरे औषध थांबवावे लागते.

ब्रेक सोडवणारी औषधे

किडनीच्या कॅन्सरवर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही. म्हणून डॉक्टर फार आधीपासून संरक्षक पेशींकडे वळले. १९९२ साली अमेरिकेत इंटरल्युकिन-२ या औषधाला पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. ते टी पेशींना चेतवते. थोड्या रुग्णांची गाठ पूर्ण गेली आणि ते अनेक वर्षे जगले. बहुतेकांना मात्र फायदा झाला नाही आणि त्रास इतका झाला की काहींना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. नुसते चेतवून भागत नाही हे तिथेच कळले.

त्याच १९९२ साली जपानमधील क्योटो येथे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेला पीडी-१ सापडले. अमेरिकेत जेम्स अॅलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम केले. ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो हे दाखवल्याबद्दल दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले.

निवोलुमॅब हे पीडी-१ चा ब्रेक सोडवणारे औषध. पसरलेल्या किडनी कॅन्सरच्या ८२१ रुग्णांवर त्याची तुलना आधीच्या एका औषधाशी केली गेली. जुन्या औषधावर निम्मे रुग्ण १९.६ महिन्यांहून जास्त जगले, निवोलुमॅबवर २५ महिन्यांहून जास्त. २०१५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर दोन ब्रेक एकदम सोडवणे, किंवा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाबरोबर रक्तवाहिन्या रोखणारी गोळी देणे, असे उपचार आले. आज पसरलेल्या आजारात अशी जोडी बऱ्याचदा पहिल्या उपचारातच देतात.

हे औषध जादू नाही. काहींना ते उत्तम लागू पडते, काहींना अजिबात नाही. सैल सोडलेला राखणदार घरच्यांवरही हात उचलू शकतो. त्यामुळे थायरॉइड, आतडे, फुप्फुस, यकृत आणि त्वचा यांना सूज येऊ शकते. परिचारिका म्हणून आम्ही घरच्यांना पुढच्या गोष्टी आवर्जून सांगतो.

औषध सुरू असताना जुलाब, नवा खोकला, दम लागणे, अंगावर पुरळ, डोळे पिवळे होणे किंवा कमालीचा थकवा दिसला तर मेडिकलमधून गोळी आणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा. हा त्रास औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही होऊ शकतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'इम्युनोथेरपी घेतली आहे' हे आधी सांगा. वेळेवर कळले तर स्टेरॉइड देऊन बहुतेक त्रास आटोक्यात आणता येतो. पूर्वी टीबी झाला असेल तर तेही सांगा.

इथवर येण्याआधी

हे सगळे उपचार आजार पुढे गेल्यावरचे. गाठ किडनीतच असताना सापडली तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. लहान असेल तर गाठीचा भागच काढतात, मोठी असेल तर ती किडनी. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे आजार किडनीपुरता असताना निदान झालेल्या दहापैकी नऊहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण पाचात एकाच्याही खाली येते. सगळा फरक वेळेचा आहे.

आणि वेळ कुठे जातो ते आपण जाणतो. लघवी लाल झाली की पुरुष म्हणतो, 'उन्हाळी लागली, सब्जाचे पाणी पितो.' बाई म्हणते, 'अंगावरून जात असेल.' दोन दिवसांत रंग साफ होतो आणि विषय संपतो. इथेच धोका आहे. गाठीचे रक्त बऱ्याचदा दुखत नाही आणि आपोआप थांबते. थांबले म्हणजे बरे झाले असे नाही.

लघवीत रक्त मुतखड्यानेही येते, जंतुसंसर्गानेही येते. ते दिसलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. म्हणून घाबरू नका, पण तपासल्याशिवाय सोडूही नका. एकदाच दिसले तरी लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. कुशीत सतत दुखणे, कुशीत गोळा लागणे, कारणाशिवाय वजन उतरणे, रक्त कमी होणे, बारीक ताप राहणे हीही लक्षणे आहेत. पुष्कळदा काहीच लक्षण नसते आणि दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसते. तो कागद फाइलमध्ये ठेवून देऊ नका.

बिडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब या तिन्हींमुळे हा आजार होण्याची शक्यता वाढते. रक्तदाबाची तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात होते. गोळी चालू असेल तर 'आता बरे वाटते' म्हणून ती बंद करू नका.

'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही आणखी एक भीती. या भीतीने शस्त्रक्रिया टाळली की गाठ स्वतःच पसरायला मोकळी होते. एका किडनीवर माणूस नीट जगतो. आपल्या माणसाला किडनी देणाऱ्या हजारो आया-बहिणी एका किडनीवर घर आणि काम दोन्ही सांभाळतात.

पैशाचे काय?

ही औषधे महाग आहेत, हे आम्ही लपवणार नाही. पण विचारण्याआधीच हार मानू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा आणि शस्त्रक्रिया बसते का, हे औषध बसते का, असे नाव घेऊन विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

खर्च कमी करण्याचा एक रस्ता आपल्या मुंबईतूनच पुढे आला आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर येतो. निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर निवोलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला. वर्षानंतर त्यांच्यातले ४३.४ टक्के हयात होते, औषध न मिळालेल्यांतले १६.३ टक्के. हा अभ्यास किडनीच्या कॅन्सरचा नाही, त्यामुळे तोच डोस मागू नका. पण गरीब देशाच्या डॉक्टरांनी गरीब रुग्णासाठी प्रश्न विचारला आणि उत्तर मिळवले, ही मोठी गोष्ट आहे. असे अभ्यास सरकारी रुग्णालयांत वाढावेत ही आपली मागणी असली पाहिजे.

उपचार ही कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा आला. आपल्यातले जे कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे कामाला आहेत त्यांनी आपला विमा भरला जातो का, ईएसआयचे कार्ड कुठे आहे, हे आजच विचारावे. आजार आल्यावर कार्ड शोधण्यात दिवस जातात.

विहारात एवढे करू या

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. लघवीत रक्त दिसले तर लाजायचे नाही, हे एका बाईने बायकांना आणि एका पुरुषाने पुरुषांना सांगावे. वस्तीतल्या दोन तरुणांनी योजनेची कागदपत्रे जमवून द्यायची जबाबदारी घ्यावी. कुणाकडे गाठीचा रुग्ण असेल तर बघायला जाताना पावडरीची बाटली नेऊ नका. त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहा, घरातल्या मुलांना एक वेळ जेवू घाला, रिपोर्टची फाइल नीट लावून द्या.

तथागतांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी असे संघाला सांगितले. थकलेल्या राखणदाराला औषध पुन्हा उभे करील. रुग्णाच्या थकलेल्या घराला उभे करायचे काम आपले आहे.

जय भीम.